भूल देण्याची किमान मानके नर्सिंग होमच्या नोंदणीतच लिहा

प्रति,
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य खाते,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील नर्सिंग होममध्ये, जिथून बोलावणे येईल तिथे जाऊन, शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याचे काम मी करते. कोणत्याही एका रुग्णालयाच्या पगारपत्रकावर माझे नाव नाही, आणि माझ्यासारखे काम करणारे भूलतज्ज्ञ या शहरात मोठ्या संख्येने आहेत. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, चेंबूर, कांदिवली, बोरिवली अशा भागांत जी लहान नर्सिंग होम आहेत, तिथल्या सिझेरियन, हर्निया, पित्ताशय, हाडे, कान-नाक-घसा अशा कितीतरी शस्त्रक्रिया या फिरत्या भूलतज्ज्ञांच्या भरवशावर पार पडतात. या पत्रातून मी आपल्याकडे एकच मागणी करते आहे. जिथे जिथे रुग्णाला भूल दिली जाते तिथे देखरेखीची उपकरणे, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पूर्ण शुद्धीवर येईपर्यंतची व्यवस्था आणि भूल देण्याआधीची तपासणी यांची किमान मानके नर्सिंग होमच्या नोंदणीच्या आणि नूतनीकरणाच्या अटींमध्ये स्पष्ट शब्दांत लिहावीत, आणि ती पाळली जातात की नाही हे कार्यालयात कागद पाहून नव्हे, तर ऑपरेशन थिएटरमध्ये उभे राहून तपासावे.

खासगी नर्सिंग होमची नोंदणी आपल्या राज्यात १९४९ च्या कायद्याखाली होते आणि मुंबईत ती करण्याचा अधिकार महापालिकेकडे आहे. जागा, बांधकाम, कर्मचारी किंवा उपकरणे योग्य नसतील तर नोंदणी नाकारण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, त्यामुळे मी मागते आहे त्यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही. २०२१ साली नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावण्यासारख्या चांगल्या गोष्टी त्यात आल्या. नूतनीकरणाच्या वेळी अग्निशमन दलाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि जैववैद्यकीय कचऱ्याचा करार पाहिला जातो, आणि तो पाहिलाच पाहिजे. पण त्याच इमारतीत ज्या टेबलावर रुग्णाचा श्वास औषधाने थांबवला जातो आणि यंत्राने चालवला जातो, त्या टेबलाच्या उशाशी काय आहे आणि काय नाही, याची विचारणा माझ्या पाहण्यात तरी तितक्या काटेकोरपणे झालेली नाही.

हे नोंदणीतच का लिहायला हवे, हे कळण्यासाठी आमच्या कामाची रीत आधी सांगते. रुग्ण सर्जनची निवड करतो. नातेवाइकांना विचारतो, दोन ठिकाणी मत घेतो, मग ठरवतो. भूलतज्ज्ञाची निवड मात्र तो करत नाही. सर्जन किंवा नर्सिंग होमचे मालक फोन करून ज्याला बोलावतील तो त्याचा भूलतज्ज्ञ. आमची फी बहुतेक वेळा सर्जनच्या फीच्या प्रमाणात ठरते, नर्सिंग होमच्या बिलातून वसूल होते आणि कॅशलेस विम्याची केस असेल तर कंपनीचे पैसे येईपर्यंत महिनोन्महिने थांबते. याचा परिणाम असा की, ज्याच्या सुरक्षिततेसाठी मी तिथे उभी आहे त्या रुग्णाचा आणि माझ्या पोटापाण्याचा थेट संबंध नसतो, आणि ज्याच्याशी तो असतो त्यालाच मला प्रसंगी ‘ही केस आज इथे करू नये’ असे सांगावे लागते. असे सांगितल्यावर भांडण होत नाही. समोरची व्यक्ती बहुधा सभ्यपणे ‘ठीक आहे, बघतो’ म्हणते आणि पुढच्या आठवड्यापासून फोन येणे बंद होते. नव्याने व्यवसायात आलेल्या, घराचा हप्ता भरणाऱ्या तरुण भूलतज्ज्ञाला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच नर्सिंग होम बोलावत असतील, तर त्यांतले एक गमावणे त्याला परवडत नाही. म्हणून तो उपकरण नसताना काम चालवून घेतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण मला ते न्याय्य वाटत नाही. सुरक्षिततेचे मानक ज्या दिवशी एका व्यक्तीच्या हिमतीवर आणि आर्थिक ताकदीवर सोडले जाते, त्या दिवसापासून ते प्रत्येक थिएटरमध्ये वेगळे होते.

एका नर्सिंग होममधला प्रसंग सांगते; त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे चित्र मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची केस होती. मी पोहोचले तेव्हा रुग्ण टेबलावर होता, हाताला सलाईन लागलेले होते आणि सर्जन हात धूत होते. भूल देण्यापूर्वी यंत्र तपासायला दहा मिनिटे लागतात: ऑक्सिजनच्या राखीव सिलिंडरमध्ये दाब किती आहे, सर्किटमधून, म्हणजे यंत्र आणि रुग्ण यांना जोडणाऱ्या नळ्यांतून, गळती होते का, घशातले स्राव ओढणारे सक्शन चालते का, ट्यूब घालताना घसा पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा प्रखर आहे की पिवळट, श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडा लाइमचा रंग बदलला आहे का. हे सारे चालू असताना मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा आलेख येत नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की मॉनिटरमध्ये ती सोय आहे, पण हवेचा नमुना ओढणारी बारीक नळी संपली आहे आणि मागवलेली आहे. कधी मागवली हे कोणालाच सांगता आले नाही. मी बॅगेत स्वतःची नळी बाळगते, ती सुदैवाने त्या मॉनिटरला बसली आणि केस नीट झाली. दुसऱ्या कंपनीचा मॉनिटर असता तर ती बसली नसती. लोकलच्या गर्दीत खांद्यावर वाहून नेलेल्या बॅगेत काय आहे यावर एखाद्या माणसाची सुरक्षितता ठरावी, ही व्यवस्था बदलली पाहिजे.

ही नळी एवढी महत्त्वाची का, हे वैद्यकीय क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठीही सांगायला हवे. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडलेल्या तत्त्वावर पल्स ऑक्सिमीटर तयार झाला आणि कोविडच्या काळात तो घराघरांत पोहोचला. त्याने असंख्य जीव वाचवले आहेत, पण भूल देताना त्याची एक मोठी मर्यादा आहे: तो उशिरा सांगतो. भूल देण्याआधी आम्ही रुग्णाला तीन-चार मिनिटे शुद्ध ऑक्सिजन देतो, त्यामुळे निरोगी माणसाचा श्वास पूर्ण थांबला तरी बोटावरचा आकडा काही मिनिटे नव्वदच्या वर राहू शकतो. श्वासनळीत घालायची ट्यूब चुकून अन्ननलिकेत गेली असेल तर त्या काही मिनिटांत ऑक्सिमीटर सारे ठीक असल्याचे दाखवत राहतो, छातीला स्टेथोस्कोप लावून येणारा आवाजही फसवू शकतो, आणि आकडा घसरायला लागतो तेव्हा हातात फार थोडा वेळ उरलेला असतो. गरोदर स्त्री, स्थूल व्यक्ती किंवा लहान मूल असेल तर तेवढाही उरत नाही. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ हीच चूक पाच-सहा श्वासांत उघड करतो, कारण पोटातून तो वायू श्वासागणिक येत राहत नाही आणि पडद्यावरची रेषा सपाट होते. केस चालू असताना सर्किट सुटले, ट्यूब वाकली, हृदयाचे काम एकदम मंदावले, तरी पहिली बातमी बहुधा याच रेषेकडून मिळते.

अमेरिकेत हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांनी आपल्याकडच्या भुलेच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतले कितीतरी अपघात वेळेत लक्षात आले असते तर टळले असते असे दिसले, आणि १९८६ मध्ये त्यांनी देखरेखीची किमान मानके लेखी केली. त्यात पहिली अट होती ती प्रशिक्षित भूलतज्ज्ञाने केस संपेपर्यंत रुग्णाजवळ सतत हजर राहण्याची. जागतिक आरोग्य संघटना आणि भूलतज्ज्ञांचा जागतिक महासंघ यांनी २०१८ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या मानकांतही तीच अट अग्रभागी आहे. ट्यूब योग्य जागी असल्याची खात्री कार्बन डायऑक्साइडवरून करावी, हेही त्यात आहे. मानके काय असावीत यावर आता वाद उरलेला नाही. आपल्याकडे ती पाळण्याचे बंधन कोणावर आहे, हा प्रश्न आहे.

सतत हजर राहण्याच्या अटीचा अर्थही आपल्या अटींमध्ये नेमका लिहावा अशी माझी विनंती आहे. एका टेबलावरचा रुग्ण सहायकाच्या भरवशावर ठेवून शेजारच्या टेबलावर दुसऱ्याला कमरेत भुलेचे इंजेक्शन (स्पायनल) द्यायला जाणे, किंवा भूलतज्ज्ञ न बोलावता सर्जननेच कमरेत इंजेक्शन देऊन लगेच हात धुवून शस्त्रक्रियेला उभे राहणे, हे प्रकार घडतात. स्पायनलनंतर रक्तदाब कोसळतो तो पहिल्या काही मिनिटांतच, आणि तेव्हा सर्जनचे डोळे आणि हात पोटात गुंतलेले असतात.

आता मला सर्वाधिक काळजी ज्याची वाटते त्याकडे येते. थिएटरमध्ये निदान लोक तरी असतात. शस्त्रक्रिया संपल्यानंतरचा पहिला तास मात्र लहान नर्सिंग होममध्ये कोणाचाच नसतो. स्वतंत्र रिकव्हरीची जागा नसते, म्हणून रुग्णाला स्ट्रेचरवरून थेट खोलीत नेतात. लिफ्ट अरुंद असेल तर स्ट्रेचर तिरके करून, ऑक्सिजनशिवाय. खोलीत नातेवाईक थांबलेले असतात आणि त्यांना ‘झोपले आहेत, झोपू द्या’ एवढेच सांगितलेले असते. त्या मजल्यावर एकच सिस्टर असते, तिच्याकडे आठ-दहा खोल्या असतात, आणि ती जनरल नर्सिंगचे शिक्षण घेतलेली असेलच असेही नाही. या तासात जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होऊ शकतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंश शिल्लक असेल तर रुग्ण डोळे उघडतो, हो-नाही म्हणतो आणि पुन्हा गुंगीत गेल्यावर त्याचा श्वास उथळ होतो. वेदनेसाठी दिलेल्या औषधाने श्वासाची गती मंदावते. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर बोटावरचा आकडा चांगलाच दिसतो आणि श्वास मंदावल्याचे त्या आकड्यामागे झाकून राहते. टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेले मूल शांत पडून आहे पण पुन्हा पुन्हा गिळते आहे, तर ते रक्त गिळत असण्याची शक्यता असते. हे ज्याला ठाऊक आहे अशी नजर त्या मुलावर असायला हवी. आई शेजारी बसलेली असते, पण तिला हे कोणी सांगितलेले नसते, आणि आईवर ती जबाबदारी टाकणे योग्यही नाही.

माझ्यापुरते मी ठरवले आहे की, रुग्ण नीट शुद्धीवर येईपर्यंत नर्सिंग होम सोडायचे नाही. पण पुढच्या ठिकाणी इमर्जन्सी सिझेरियन थांबलेले असते आणि फोन वाजत असतो. त्या क्षणी मी काय करावे, याचे उत्तर व्यक्तीने नव्हे तर नियमाने द्यायला हवे. थिएटरला लागून एक खाट असावी. तिथे ऑक्सिजन, सक्शन, मॉनिटर आणि हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग असावी. श्वासमार्ग मोकळा कसा ठेवायचा याचे प्रशिक्षण घेतलेली एक नर्स त्या वेळी त्या खाटेशिवाय दुसऱ्या कोणत्याही कामावर नसावी. आणि भूलतज्ज्ञाच्या सहीशिवाय रुग्ण तिथून हलवू नये. यातली कोणतीही गोष्ट दुर्मीळ किंवा परदेशातून आणावी लागणारी नाही. जागेची अडचण मी जाणते. या शहरात एक खाट वाढवायची म्हणजे काय, हे नर्सिंग होमच्या मालकांइतके कोणाला कळणार? तरीही ज्या जागेत दोन डीलक्स खोल्या बसतात तिथे रिकव्हरीची एक खाट बसू शकते.

आधीच्या तपासणीविषयी थोडक्यात लिहिते. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत रुग्णाने भूलतज्ज्ञाला पहिल्यांदा टेबलावर आडवे असताना पाहावे, हे बंद व्हायला हवे. फिजिशियनने ‘फिट फॉर सर्जरी’ असे लिहून दिलेला कागद ही भूलतज्ज्ञाची तपासणी होत नाही. तोंड किती उघडते, मान मागे किती वळते, दात हलतो का, रात्री घोरताना श्वास अडतो का, हे त्या कागदावर नसते. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलची गोळी कालपर्यंत चालू होती हे टेबलावर कळले, तर कमरेत इंजेक्शन देण्याचा मार्ग तिथेच बंद होतो. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजन कमी करण्याची जी इंजेक्शने गेल्या काही काळात मुंबईत पुष्कळ लोक घेऊ लागले आहेत, त्यांनी पोट रिकामे होण्याची गती मंदावते आणि ठरलेला उपास करूनही पोटात अन्न राहू शकते; रुग्ण हे ‘औषध’ म्हणून सांगतच नाही, नेमके विचारावे लागते. उपासाबद्दलही घोळ असतो. पाणी किंवा नारळपाणी दोन तास आधीपर्यंत चालते, पण दुधाचा चहा चालत नाही, त्याला सहा तास धरावे लागतात. आपल्या घरांत चहाला कोणी खाणे समजत नाही, त्यामुळे ‘काही खाल्ले नाही’ हे उत्तर खरे असूनही धोकादायक असते. दुसऱ्या टोकाला, सकाळच्या लिस्टमध्ये नाव असलेली वृद्ध बाई दुपारी तीनपर्यंत पाण्याच्या घोटाशिवाय ताटकळत राहते. हे दोन्ही एका भेटीने टळते. संमतीचा प्रश्नही याच भेटीशी जोडलेला आहे. रुग्णाला पुरेशी माहिती देऊन, त्या विशिष्ट उपचारासाठी घेतलेली संमतीच ग्राह्य, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले आहे. थिएटरच्या दारात, चष्मा काढून घेतलेल्या माणसाची छापील कागदावर घेतलेली सही त्या कसोटीला उतरणार नाही.

कामाच्या तासांचा विषय मांडताना आमच्याच व्यवसायबंधूंची नाराजी ओढवेल हे मला ठाऊक आहे, कारण फिरत्या भूलतज्ज्ञाला कामाचे तास कोणी ठरवून दिलेले नाहीत आणि अनेकांना ते तसेच हवे आहेत. निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम साधारणपणे बारा तासांपेक्षा अधिक नसावे असे म्हटले होते; ते कागदावर तरी आहे. आमच्यासाठी तेवढेही नाही. रात्री दोनला सिझेरियन, सकाळी सातला हाडांची लिस्ट, संध्याकाळी डेंटल क्लिनिकमध्ये लहान मुलाला गुंगी, असा दिवस आमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला येतो. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले की सतरा तास सलग जागे राहिल्यावर माणसाच्या हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना होतो तितका ढासळतो. आपल्याकडे वाहनचालकासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा ०.०३ टक्के आहे. मी कोणालाही दोषी ठरवण्यासाठी हे लिहीत नाही. रात्रभर काम केलेल्या भूलतज्ज्ञाने सकाळची ठरवून केलेली केस नाकारली, तर तो नकार व्यावसायिक कर्तव्य मानला जावा, एवढे आपल्या अटींमध्ये यावे. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या भूलतज्ज्ञ स्त्रियांची स्थिती याहून कठीण आहे, कारण प्रसूतिरजेचा कायदा नोकरी असणाऱ्यांसाठी आहे. आम्ही काम थांबवले की उत्पन्न थांबते आणि जागाही दुसऱ्याला जाते. याचा उपाय आपल्या खात्याच्या हातात नाही, पण या व्यवसायाचे वास्तव सांगताना हे वगळणे मला जमले नाही.

दोन लहान बाबी याच ओघात नोंदवते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगर प्रदेशातील वीज सकाळी एकाएकी गेली, तेव्हा शहरात अनेक ठिकाणी शस्त्रक्रिया चालू असणार हे उघड आहे. भूल देण्याच्या यंत्राला आणि मॉनिटरला चालू स्थितीतली बॅटरी आहे का, हे तपासणीत प्लग काढून पाहावे. दुसरे म्हणजे, फेंटानिल आणि मॉर्फिन ठेवण्यासाठी रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकांकडून मान्यता घ्यावी लागते. ती घेतलेली नसलेल्या नर्सिंग होममध्ये मोठ्या शस्त्रक्रियेनंतरही रुग्णाला साध्या वेदनाशामकावर रात्र काढावी लागते. ही मान्यता मिळवण्याच्या प्रक्रियेत आपल्या खात्याने लहान नर्सिंग होमना मार्गदर्शन केले, तर रुग्णांचे दुःख पुष्कळ कमी होईल.

या सगळ्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. अटी वाढवल्या तर लहान नर्सिंग होम बंद पडतील, उरतील ती मोठी कॉर्पोरेट रुग्णालये, आणि कारकुनी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या माणसाला घराजवळची, ओळखीच्या डॉक्टरांची, परवडणारी जागा उरणार नाही. ही भीती खरी आहे. मी ज्या डॉक्टर दांपत्यांबरोबर काम करते त्यांतल्या अनेकांनी आयुष्य घालून ही नर्सिंग होम उभी केली आहेत, मध्यरात्री अडलेल्या बाईला दारातून परत पाठवलेले नाही, आणि पैशांसाठी कोणाला अडवूनही ठेवलेले नाही. ती टिकली पाहिजेत असे मला मनापासून वाटते. म्हणूनच अटी मोजक्या असाव्यात, त्यांना पुरेशी मुदत द्यावी, आणि जे क्वचित लागते पण महाग आहे ते प्रत्येकाच्या माथी मारू नये. भुलेच्या काही औषधांनी क्वचित एखाद्या रुग्णाचे शरीर भयंकर तापते. त्यावरचे डँट्रोलीन हे औषध प्रत्येक नर्सिंग होमने बाळगावे अशी अपेक्षा अवास्तव आहे. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत त्याचा साठा ठेवून रात्री-अपरात्री तो कुठून मिळेल हे सर्व नर्सिंग होमना कळवणे मात्र आपल्याला शक्य आहे. कॅप्नोग्राफ त्या वर्गात मोडत नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा कॅमेरा जिथे आहे, तिथे त्या कॅमेऱ्यासमोर झोपलेल्या माणसाचा श्वास मोजण्याचे साधन नसणे ही परवडण्याची अडचण नाही, प्राधान्याची आहे. शिवाय आपल्या शहरातली वाहतूक पाहता, काही बिघडल्यावर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवू हा भरवसा बाळगता येत नाही. मेंदूला ऑक्सिजन न मिळण्याची मुदत मिनिटांत असते आणि मुलुंडहून शीवला पोहोचण्याची तासात.

सर्जन बंधुभगिनींनाही एक विनंती. थिएटरमध्ये आपला शब्द अखेरचा मानला जातो, म्हणून भूलतज्ज्ञाचा नकार आपण ऐकून घेतलात तर तो टिकतो. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी यादी आठ देशांतील आठ रुग्णालयांत वापरून पाहिली गेली, त्यांत दिल्लीतील एक रुग्णालय होते, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. त्या यादीला फार वेळ लागत नाही. चीर देण्यापूर्वी सर्जनने थांबून ‘भुलेच्या बाजूने काही काळजी आहे का?’ एवढे विचारले, तर जी गोष्ट कनिष्ठ भूलतज्ज्ञ संकोचाने बोलत नाही ती बोलली जाते. आणि अनर्थ घडलाच, तर नातेवाइकांसमोर ‘भूल जास्त झाली’ हे उत्तर देऊन मोकळे होऊ नये. ज्या जमावाला ते उत्तर मिळते तो मग त्या एकाच डॉक्टरला शोधतो. वैद्यकीय सेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण खोलीत अडकलेल्या माणसाला त्या क्षणी तो कायदा वाचवत नाही.

शेवटी अंमलबजावणीचे सांगते. प्रत्येक थिएटरमध्ये पानांवर क्रमांक घातलेली एक नोंदवही असावी. एखादे आवश्यक उपकरण बंद असल्यामुळे किंवा रुग्णाची तयारी अपुरी असल्यामुळे भूलतज्ज्ञाने केस पुढे ढकलली, तर त्याने कारण आणि वेळ लिहून सही करावी. इमर्जन्सी वगळता, ते कारण दूर होईपर्यंत दुसऱ्या भूलतज्ज्ञाला बोलावून ती केस उरकता येऊ नये. वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तपासणीला येताना ही वही मागून पाहावी. ज्या वहीत वर्षभरात एकही नोंद नाही तिथे अधिक बारकाईने विचारपूस करावी, आणि ज्या नर्सिंग होमने नोंदी होऊ दिल्या व त्रुटी दूर केल्या, त्यांच्या नूतनीकरणात त्या नोंदी त्यांच्या बाजूने धराव्यात. असे झाले तर नकार देणारा भूलतज्ज्ञ आडमुठा ठरणार नाही, आणि त्याला बोलावणे बंद करून काही साधणारही नाही, कारण पुढे येणाऱ्यालाही तीच अट लागू असेल.

या अटींचा मसुदा नूतनीकरणाच्या पुढील अर्जांपूर्वी तयार करून भूलतज्ज्ञ, सर्जन, परिचारिका आणि नर्सिंग होमचालक यांच्या हरकती व सूचनांसाठी जाहीर करावा, ही विनंती. थिएटरच्या तपासणीत सोबत भूलतज्ज्ञ असणे आपल्याला उपयोगी वाटत असेल, तर माझ्या वॉर्डातील तपासण्यांसाठी मी विनामूल्य यायला तयार आहे. दिवस आणि वेळ आदल्या संध्याकाळी कळवली तरी चालेल.

आपली विश्वासू,
पूर्व उपनगरांतील एक भूलतज्ज्ञ
मुंबई